टाकीत किती आणि कामाचं किती

आबांनी ती गाडी एका सरकारी लिलावात घेतली तेव्हा ती फिरता दवाखाना होती, आणि आबांनी कितीही रंग फासला तरी ती शेवटपर्यंत थोडीफार दवाखानाच राहिली. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. पहूरला आमची कपाशीची आणि थोडी केळीची शेती होती. शेतीचं सगळं माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, ते पाहायचे आणि जगाचं सगळं आबा पाहायचे. पेपरात कुठल्याशा परदेशी कुटुंबाचं चित्र त्यांनी पाहिलं होतं. ती माणसं गाडीमागे चाकावरचं घर जोडून गावोगाव हिंडत होती आणि त्या घरात चूल होती, खाट होती, खिडकीला पडदासुद्धा होता. चित्र त्यांनी कातरून देवघरात लावलं आणि म्हणाले, "आपल्याले काय कमी हाये? घर संगं घिऊन फिरू." लिलावाहून आले ते या गाडीतच बसून, हॉर्न वाजवत. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, ओवाळायला बाहेर आली आणि गाडी पाहून तिने ताट तसंच आत नेलं.

आत दोन अरुंद बाकं होती, त्यांच्या झाल्या खाटा. हात धुवायचं बेसिन होतं, त्याच्या पाण्याच्या टाकीत आम्ही प्रवासाला निघताना कैरीचं पन्हं भरून ठेवायचो आणि नळ सोडला की पेल्यात पन्हं यायचं. पेशंट तपासायचं उंच टेबल काढून टाकायला आबा तयार होईनात, म्हणून माझी आई त्याच्यावर पोळ्या लाटायची. गाडीला बाहेरून निळा रंग दिला होता, पण दोन महिन्यांत दोन्ही बाजूंना तांबडी फुली पुन्हा वर आली. मग कुठेही थांबलो की पाच मिनिटांत कुणीतरी पाय धरत येऊन आत चढायचं आणि जीभ बाहेर काढून उभं राहायचं. नेरीला एका म्हातारबाबांना आबांनी शेवटी गुडघ्यावर तेल चोळून दिलं. काही केल्या ते उतरत नव्हते.

पण गाडीची खरी खोड डिझेलची होती. समोरचा काटा कायम 'भरलेली' दाखवायचा. टाकी भरली तरी तेच, संपली तरी तेच. "काटा समाधानी हाये," आबा म्हणायचे. लिलाववाल्याने सांगितलं होतं की टाकी साठ लिटरची. त्या साठच्या हिशेबाने आबा निघायचे आणि साठ जळायच्या फार आधी गाडी दोन आचके देऊन गप्प व्हायची. मग ते खाली उतरून टाकीत काडी घालून पाहायचे. काडी चांगली चार बोटं ओली निघायची. डिझेल आहे आणि गाडी चालत नाही! भाऊंचं म्हणणं इंजिन खलास आहे. मोठ्या आईचं म्हणणं दवाखान्यात कुणी गेलं असेल, त्याचा जीव अडकलाय. माझी आई दोंडाईचाकडची, तिच्या बोलण्यात माहेरची अहिराणी शेवटपर्यंत राहिली. ती चुलीपुढून मला विचारायची, "टाकीमा डिझेल शे ना? मंग गाडी कसाले चालत नही?" हा प्रश्न खरं तर आबांना होता. पण आबा तिचे जेठ, थोरले दीर. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती त्यांच्यासमोरून जायची आणि लग्न झाल्यापासून त्यांच्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत.

मी तेव्हा जामनेरला अकरावी सायन्सला जात होते. आमच्या घरात सायन्सला गेलेली मी पहिली, त्यामुळे पंखा बंद पडला किंवा दूध नासलं तरी मला बोलावलं जाई आणि मीही काहीतरी सांगत असे. आज मागे वळून पाहते तर त्या वयात मला नेमकं काय येत होतं ते आठवत नाही, पण सगळं येतं असं वाटायचं हे मात्र पक्कं आठवतं. आबांच्या एकुलत्या मुलीचं, लताचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा आईच्याच माहेरच्या नात्यातला, लग्न दोंडाईच्याला व्हायचं होतं. लता माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आम्ही एकाच गोधडीत वाढलो. आबांनी जाहीर केलं होतं की मुलीला लग्नाला नेईन ती आपल्या फिरत्या घरातून, भाड्याच्या गाडीतून नाही. त्यावर भाऊ म्हणाले, "आणि रस्त्यात बंद पडली म्हंजे?" आबांनी माझ्याकडे बोट केलं. "कुंदा सांगीन ना. सायन्स कशाले हाये?"

मी रात्रभर नाही पण अर्धा तास विचार केला आणि म्हटलं, आबा, टाकीत किती मावतं हा प्रश्नच नाही. टाकीतून डिझेल ओढणारी जी नळी आहे ती तळाला टेकलेली नसणार. नळीच्या तोंडाखाली जे डिझेल राहतं ते टाकीत असूनही आपल्या कामाचं नाही. ते किती, हे कळलं की झालं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कानामागे गरम झालं.

प्रयोग शाळेच्या मैदानावर झाला, कारण तेवढी सपाट जागा दुसरी नव्हती. आधी टाकी पूर्ण रिकामी करायची होती. खालचा बोल्ट उघडल्यावर डिझेलची धार लागली आणि एक डबा भरायच्या आत आमच्या लक्षात आलं की आपण डबा एकच आणलाय. मी घराकडे पळत सुटले. हाताला येईल ते आणलं. आंघोळीचं तांब्याचं घंगाळ, दोन हंडे, आणि ज्यात आई भाताचं आधण ठेवायची ते मोठं पातेलं. मग पाच लिटरचं माप आणि लिटरचं माप घेऊन आम्ही उलटा प्रवास सुरू केला. एक लिटर टाकीत ओतायचं, आबांनी बॉनेटमध्ये वाकून हातपंप मारायचा, नळीतून नुसती हवा येतेय की डिझेल ते पाहायचं. हवा आली की अजून एक लिटर. कट्ट्यावर निम्मं गाव बसलं होतं आणि प्रत्येक लिटरला मोठ्याने आकडा म्हणत होतं. नऊ झाले, दहा झाले. आबांच्या अंगठ्याला फोड आला. तेरा. चौदाव्या लिटरला पंपाजवळ बुडबुडे थांबून डिझेल आलं, गाडी सुरू झाली आणि गावाने टाळ्या वाजवल्या. मग टाकी गळ्यापर्यंत भरली. सगळं मिळून सत्तावन्न लिटर मावलं, साठ नव्हेच, कारण तिला खालून कुठेतरी मोठा पोचा होता. सत्तावन्नातून चौदा गेले, राहिले त्रेचाळीस. आबांनी त्याच दिवशी गाडीच्या दारावर आतून पांढऱ्या रंगाने लिहिलं: कामाचं डिझेल त्रेचाळीस लिटर. खाली माझं नाव.

घरी मात्र आठवडाभर हाहाकार होता. घंगाळ चिंचेने घासलं, राखेने घासलं, तरी आंघोळ केलेला माणूस पंपावरून आल्यासारखा वाटायचा. "बठ्ठं घर वास मारी राहिनं," आई म्हणायची, आणि पुढचं मला सांगता येण्यासारखं नाही. त्यात नेमके तेव्हाच दोंडाईच्याचे पाहुणे याद्या करायला आले. नवऱ्या मुलाचे चुलते, सगळे त्यांना नाना म्हणत, करड्या मिशांचे आणि करड्या आवाजाचे. त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं असं आईच सांगायची. त्या दिवशी भरीत केलं होतं आणि मोठ्या आईने ते कालवलं नेमकं त्या पातेल्यात. पहिला घास घेतला आणि मला कळलं. मी आबांकडे पाहिलं, आबांनी पानात पाहिलं. नानांनी पुरीचा तुकडा भरतात बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटले. आम्ही सगळे थांबलो. "पराट्यावर भाजेल शेतस ना वांगा?" नाना म्हणाले. मोठी आई पदराआडून "हो" म्हणाली. "त्या धूरनी चवच न्यारी," म्हणत त्यांनी दोनदा भरीत मागून घेतलं. पराट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. आमच्याकडे भरताची वांगी त्यांच्यावरच भाजतात. वांगी खरंच त्यांच्यावर भाजली होती, पण ती चव त्यांची नव्हती. असो. लग्न ठरलं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाचा ट्रक भाऊंबरोबर पुढे गेला आणि आमची गाडी पहाटे निघाली. आबा चालवायला, त्यांच्या शेजारी लता, कारण मागे बसली की तिला मळमळायचं. मागे मोठी आई, आई आणि मी, आणि रुखवताची भांडी, मांडे, लाडू, शेवचिवड्याचे डबे. पहूर ते दोंडाईचा म्हणजे दोनशेच्या आसपास किलोमीटर. गाडी लिटरला पाच जायची, हे मी आधीच्या फेऱ्यांवरून काढलं होतं. म्हणजे चाळीस लिटर. त्रेचाळीसातून चाळीस गेले तरी तीन उरतात. लता जामनेर सोडल्यापासून रडत होती. एरंडोलपर्यंत हुंदके देऊन रडली, पारोळ्यापर्यंत बिनआवाजाचं, आणि धुळ्याला पोचेपर्यंत तिला नुसत्या उचक्या उरल्या. मोठी आई मागून तिला पाणी देत होती आणि स्वतःही रडत होती. धुळ्यात पंप दिसला तसा आबांनी वेग कमी केला. "कुंदा, भरू का थोडं?"

ते चुकीचं विचारत नव्हते. भरलं असतं तर पाच मिनिटं गेली असती, एवढंच. पण दारावर माझं नाव होतं. मी म्हटलं, "कशाला? पुरतं." आबा म्हणाले, "बस, पोरीनं सांगलं म्हंजे झालं," आणि पंप मागे गेला.

मुहूर्त साडेबाराचा. पावणेबाराला दोंडाईचा दोन-अडीच किलोमीटरवर राहिलं होतं. पुढे एक चढ होता, फार नाही, सायकलवाला उतरून ढकलेल एवढाच. गाडी अर्ध्या चढावर गेली, दोन आचके दिले आणि गप्प झाली. तो आचका मला ओळखीचा होता. आबांनी ब्रेक दाबून धरला, मागे वळले आणि माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्या आईने पाहिलं. मग लतानेही, उचकी थांबवून.

आबांनी गाडी हळूहळू मागे सोडत पायथ्याशी सपाटीवर आणली. काडी घातली, काडी ओली. पाना घेऊन त्यांनी बॉनेट उघडलं, नट सैल केला, पंप मारून नळीतली हवा काढली, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. आम्ही "चला चला" करत चढलो. गाडी अर्ध्या चढावर गेली, आचके दिले आणि बंद. पुन्हा मागे, पुन्हा हवा, पुन्हा सुरू, पुन्हा चढ, पुन्हा बंद. यात पंधरा मिनिटं गेली. एवढ्यात शेतातून एक बाई खोकणारं लेकरू कडेवर घेऊन धावत आली आणि मागच्या दाराने आत चढली. "डॉक्टर कोठे शे?" आईने तिला काही समजावलं नाही. रुखवतातली आल्याची वडी काढून लेकराच्या तोंडात घातली, चिमूटभर ओवा बाईच्या हातावर ठेवला, आणि बाई आशीर्वाद देत उतरली. मोठी आई देवाला हाक मारायला लागली. "चालत जाऊ या का?" मी म्हटलं. भर उन्हात हळदीची नवरी चालत सासरी नेणार का, असं मोठी आई कडाडली.

मी रस्त्याच्या कडेला बसले. मला रडू येत होतं, पण त्या दिवशी रडायचा मान लताचा होता. मी नुसती गाडीकडे पाहत राहिले. सपाटीवर सुरू होते, चढावर बंद पडते. सपाटीवर सुरू, चढावर बंद. मग मी खाली वाकून टाकी पाहिली. लांबट टाकी, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेली, आणि नळी निघत होती ती पुढच्या टोकाकडून. चढावर गाडीचं नाक वर गेलं की सगळं डिझेल मागे जात होतं आणि नळीचं तोंड उघडं पडत होतं. माझं त्रेचाळीस लिटर शाळेच्या मैदानावर खरं होतं, या चढावर नव्हतं. तीन लिटर होते, पण टाकीच्या चुकीच्या टोकाला.

"आबा," मी म्हटलं, "गाडी उलटी चढवा."

"म्हंजे?"

"तोंड खाली, पाठ वर. रिव्हर्समध्ये. डिझेल पुढं येईल, नळीकडं."

आबांना ते लगेच पटलं, कारण त्यांना कुठलीही वेडी गोष्ट लगेच पटायची. मोठ्या आईला पटेना. "लगनाले पाठ करून जातं का कुनी? अवदसा आठवली का तुम्हाले?" बारा वाजून गेले होते. आबा म्हणाले, "पाठ करून जाऊ, नाहीतर जाऊच नको, सांग." मोठी आई पदर तोंडात धरून आत जाऊन बसली.

दोन शेतकऱ्यांनी हात लावला, गाडी पायथ्याशी वळवून घेतली. पुन्हा हवा काढली. मागची दोन्ही दारं उघडी टाकून आई आणि मी उंबऱ्यावर उभ्या राहिलो, कारण आबांना मागचं काही दिसत नव्हतं. गाडी सुरू झाली. किंचाळत, धूर सोडत मागे सरकायला लागली. अर्धा चढ आला. आचका आला नाही. गाडी चढतच राहिली.

"आबांना सांग, डावीकडे खड्डा शे," आई मला म्हणाली. मी ओरडून सांगितलं. "आते उजवीकडे सांग." मी सांगितलं. "बैलगाडी, बैलगाडी सांग!" मी तोंड उघडेपर्यंत बैलगाडी आलीच होती. आईने पदर कमरेला खोचला, मान आत घातली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा थेट जेठांना, सगळ्या डब्यांवरून आवाज काढून ओरडली, "ओ आबा! तथा नका जाऊ, आथा ल्या! आथा!" आबांच्या हातून स्टिअरिंग एवढं दचकून फिरलं की गाडी वाचली. "आथा म्हंजे कुठी?" ते ओरडले. "मन्ह्या हातकडे!" "मले तुमचा हात दिसून नही राह्यला!" "मंग उजवा!" एकदा तोंड उघडल्यावर त्या दोघांचं जे काही बोलणं सुरू झालं ते कित्येक वर्षांचं साठलेलं होतं. त्या दिवसानंतर आई आबांशी नेहमी थेटच बोलली, आणि आबा नंतर कधीकधी म्हणत की आधीचं बरं होतं.

माथ्यावर सपाट रस्ता लागला. आता गाडी सरळ करता आली असती. "वळवू का?" आबांनी विचारलं. आणि मग स्वतःच म्हणाले, "नको. उलटी का व्हईना, चालू हाये. बंद पडली म्हंजे मुहूर्त कोन दीन?" आणि आम्ही तसेच उलटे दोंडाईच्यात शिरलो.

मांडवासमोर सगळे रस्त्याकडे डोळे लावून उभे होते. त्यांना आधी दिसली दोन सताड उघडी दारं, मग त्यात पदर खोचलेली माझी आई, मग लाडवांचे डबे. बँडवाल्यांना कळेना की वाजवायचं की नाही. भाऊ कपाळावर हात मारून ट्रकच्या फळीवर बसले. सगळ्यांच्या पुढे नाना उभे होते, करड्या मिशांखाली ओठ घट्ट मिटून. "हाई कोनती रीत शे?" ते म्हणाले. गाडी येतच होती, सरळ मांडवाच्या खांबाकडे. नाना दोन पावलं मागे सरले, खांबाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग त्यांनी हात वर केला आणि ट्रकच्या क्लीनरसारखा गाडीवर थाप मारत मोठ्याने सुरू केलं, "येऊ द्या! येऊ द्या! मांगे, मांगे... जराखा डावा... येऊ द्या!" सगळं वऱ्हाड त्यांच्यामागे ओरडायला लागलं, "येऊ द्या, येऊ द्या!" आणि बँडवाल्यांनीही तोच ताल धरला. नानांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं म्हणतात, त्या दिवशी पाचशे माणसांनी पाहिलं.

"हां, बस!" नाना ओरडले. गाडी थांबली. बारा वीस झाले होते. मोठी आई डोळे पुसत उतरली, आई उतरली, बायका नवरीला घ्यायला पुढे धावल्या. मी आतून पुढच्या सीटपाशी गेले, लताचा शालू नीट करायला. तिने मागे मांडवाकडे पाहिलंच नव्हतं. ती समोरच्या काचेतून पाहत होती. काचेसमोर आम्ही आलो तो सगळा रस्ता होता, चढाच्या माथ्यापर्यंत, आणि त्याच्या पलीकडे धुळं, पारोळा, जामनेर, आमचं घर. चढापासूनची सबंध वाट ती माहेराकडे तोंड करून आली होती. तिची उचकी थांबली होती.

"कुंदे," ती हळूच म्हणाली, "आबांना सांग ना, अजून थोडं मागे घ्या."

आबांनी ते ऐकलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, काट्याकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. "हाये का डिझेल?"

किती होतं ते मला ठाऊक नव्हतं. "आहे," मी म्हटलं, आणि आबांनी गाडी सुरू केली. बाहेर नाना "बस, बस" ओरडत धावत होते, आणि आम्ही तिघं मांडव ओलांडून हळूहळू मागे चाललो होतो.